दिव्यावर धरलेला मेंदू

व्हिक्टोरिया, लगुना
१४ जानेवारी २०१९

प्रिय सियोन,

मठात तुला सिस्टर मारिया क्लेमेन्सिया म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण लहानपणी तुझं नाक ज्याने पुसलं, त्या कुयाला, थोरल्या भावाला, एवढं लांबलचक नाव लिहायला लावू नकोस.

तू आधी किडनीचं विचारणार, म्हणून आधी तेच सांगतो. तुझी किडनी मजेत आहे. तिला वेळेवर पाणी मिळतं, गोळ्या मिळतात, मीठ मिळत नाही. खारवलेली अंडी विकणाऱ्या माणसाच्या पानात मीठ नसावं, यावर गावातली पोरं हसतात. डिसेंबरात तिला माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली, म्हणून लुमिंगने पान्सितच्या शेवया केल्या. शेजारच्या तेम्योंगने आमच्या कराओके मशीनवर किडनीसाठी एक प्रेमगीत म्हटलं. ते इतकं बेसूर होतं की बदकांनी दोन दिवस अंडी कमी दिली.

धंदा बरा आहे. नाताळात अर्धवट उबवलेल्या अंड्यांचं बालूत चांगलं खपलं. फक्त अलीकडे माझ्या हातून अंडी फार फुटतात. तुला ठाऊक आहे, मी डावरा. डाव्या हाताने अंडं उचलायचं, दिव्याच्या भोकासमोर धरून फिरवायचं, आत पिल्लाने जीव धरलाय की नाही ते बघायचं, आणि टोपलीत टाकायचं. तीस वर्षांत झोपेतही चुकलो नाही. आता अंडं बोटांतून असं निसटतं, जणू त्याला घाई आहे. मालिशवाल्या अपो इगमेने हात बघून सांगितलं, पास्मा झालाय. गरम उबवणीतून हात काढून लगेच गार पाण्यात घातले की होतो तोच. आल्याचं तेल चोळतोय. शर्टाची बटणं हल्ली लुमिंग लावून देते. मी सगळ्यांना सांगतो, म्हातारपणी बायकोला प्रेम सुचलंय.

काळजी करू नकोस. लग्नसराई आहे, तुमच्याकडे अंड्यांचा पूर आला असेल. नवऱ्यामुलींना सांग, लग्नात पाऊस नको असेल तर संत क्लारेला एकदा बदकाची अंडी वाहून बघा.

तुझा,
आम्बो


संत क्लारेचा मठ
२४ जानेवारी २०१९

प्रिय कुया आम्बो,

पास्मा? आईने तुला पाळण्यातून काढून थेट बदकांच्या डबक्यात सोडला. तेव्हापासून तुझे हात गरमातून गारात आणि गारातून गरमात जातायत. पास्म्याला यायचंच होतं तर तो पन्नाशी उलटायची वाट बघत बसला का? आल्याचं तेल डुकराच्या मांसाला चोळ आणि तू डॉक्टरकडे जा. किडनीच्या डॉक्टरकडे नाही, हाताच्या. तेही नाही. हाताला हुकूम कोण देतं, त्याच्या डॉक्टरकडे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी. ओळी उजवीकडे जाता जाता खाली घसरल्यात. शाळेत तुझं अक्षर बघून सिस्टर तुला फळ्यावर लिहायला बोलवायच्या, आणि तू मला डोळा मारायचास. म्हणून सांगते, माझ्यापाशी विनोद करून सुटशील असं समजू नकोस.

इथे स्वयंपाकघरात ठेवायला जागा नाही एवढी अंडी आलीत. काल एक नवरामुलगा आला. दारातल्या भिंतीच्या फिरत्या कपाटात तीन ट्रे ठेवले आणि पलीकडून ओरडून म्हणाला, "सिस्टर, लग्न शनिवारी आहे, पण पाऊस शुक्रवारी संध्याकाळपासूनच थांबवा, मांडव घालायचाय!" मी म्हटलं, "आणखी एक ट्रे लागेल." बिचारा खरंच घेऊन आला. मदर बेनिग्नांनी मला त्याबद्दल आठवडाभर भांडी घासायला लावली आहेत.

आणि एक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे पत्रं बंद, हे विसरू नकोस. आलेली पत्रं मदर न उघडता खणात ठेवतात आणि खणाला कुलूप लावतात. यंदा ६ मार्चला बुधवार आहे. त्याआधी मला डॉक्टरांचं म्हणणं कळलं पाहिजे.

माझ्या किडनीला गोड पापा.

सियोन


व्हिक्टोरिया, लगुना
२० फेब्रुवारी २०१९

प्रिय सियोन,

हे पत्र मी लिहिते आहे हे तुझ्या भावाला माहीत नाही. तो बदकांना शिंपले घालायला गेलाय.

तुझ्या पत्राने तो डॉक्टरकडे गेला, एवढं काम झालं. मनिलाला त्याच्या डोक्याचा एमआरआय काढला. पास्मा नाही. मेंदूत उजव्या बाजूला एक पांढरा डाग आहे, लावा पक्ष्याच्या अंड्याएवढा. उजवा मेंदू डावा हात चालवतो म्हणे, म्हणून हात गेला.

डॉ. माग्सिनो नावाची बाई आहे, वयाने आपल्या भाचीएवढी, पण समजावून सांगते. म्हणाली, हा विषाणू बहुतेक सगळ्या माणसांच्या अंगात असतो, तुमच्याही आणि माझ्याही, आणि जन्मभर झोपून राहतो. अंगाचे पहारेकरी जागे असतात तोवर त्याची उठायची छाती होत नाही. आम्बोचे पहारेकरी आपणच गोळ्या देऊन सहा वर्षं पेंगत ठेवले, कारण जागे असते तर त्यांनी तुझ्या किडनीला परकी समजून हाकललं असतं. ते पेंगले, आणि हा उठला. आता तो मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण कुरतडतोय. त्याच्यावर औषध नाही. उपाय एकच, गोळ्या कमी करत न्यायच्या आणि पहारेकऱ्यांना जागं करायचं.

मी विचारलं, "वाचेल का?" तिने फोटो दिव्याच्या पाटीवर लावला. म्हणाली, "डाग लहान आहे, एकाच जागी आहे, पलीकडच्या बाजूला गेलेला नाही. असा फोटो असलेली माणसं बरीचशी वाचलेली आहेत. हात थोडा अधू राहील कदाचित. पण आत्ता सुरुवात केली तर. हाच फोटो दोन महिन्यांनी दोन्ही बाजूंना पसरलेला दिसला, तर मला काही चांगलं सांगता येणार नाही." मग म्हणाली, "फोटो शपथ घेत नाही, वहिनी. तो फक्त कुठल्या वाटेला लागलोय ते सांगतो."

आणि तुझा भाऊ काय म्हणाला? "गोळ्या कमी केल्या तर किडनीचं काय?" डॉक्टर म्हणाली, जाऊ शकते. हा उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "ती माझ्या बहिणीची आहे. मला विचारून काय उपयोग." घरी आल्यापासून गोळ्या पहिल्यापेक्षा काटेकोर घेतोय. मी रडले, ओरडले, दोन दिवस भात शिजवला नाही. तो उकडलेली अंडी खाऊन राहिला.

माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल. राखेच्या बुधवारच्या आत लिही गं.

तुझी,
लुमिंग


संत क्लारेचा मठ
२६ फेब्रुवारी २०१९

कुया,

लुमिंगवहिनीने मला सगळं कळवलंय. तिच्यावर चिडायचं नाही. चिडलास तर मी इथून उपास करीन आणि त्याचं पाप तुझ्या माथी.

आता नीट ऐक. तू डॉक्टरला म्हणालास ना, किडनी बहिणीची आहे? ठीक. मग मालकीण बोलते आहे. गोळ्या कमी कर. डॉक्टर सांगेल तेवढ्या, सांगेल तेव्हा. किडनी राहिली तर राहिली, गेली तर गेली.

तुला काय वाटलं, मी ती तुला कपाटात मांडून ठेवायला दिली होती? बाबा गेल्यावर तू शाळा सोडलीस आणि बदकांच्या मागे चिखलात उतरलास, म्हणून मी शिकले. त्याची फेड म्हणून मी किडनी दिली, असं तू गावभर सांगतोस ते माझ्या कानावर आलंय. साफ चूक. तू पिवळा पडून खाटेवर पडलेला मला बघवत नव्हता. मला भाऊ हवा होता. तुझ्यावर उपकार वगैरे काही केले नाहीत, स्वतःचा हट्ट पुरवला. आणि आता तू माझा भाऊ मारून माझी किडनी जपणार? असला सौदा बाजारातल्या आंधळ्या गिऱ्हाइकालाही कोणी सांगणार नाही.

मी घाबरले आहे, कुया. सकाळच्या प्रार्थनेत माझा आवाज फुटला आणि शेजारच्या सिस्टरने माझी ओळ म्हटली. हे तुला कळावं म्हणून लिहिते, म्हणजे मी मठात बसून थंड डोक्याने हुकूम सोडते आहे असं तुला वाटणार नाही.

राखेच्या बुधवारपासून खण बंद. ईस्टरपर्यंत मला तुझं काही कळणार नाही. तेवढे दिवस मी "त्याने ऐकलं असेल" असं धरून चालणार आहे. मला खोटी पाडू नकोस.

सियोन


व्हिक्टोरिया, लगुना
१० एप्रिल २०१९

प्रिय सियोन,

हे उजव्या हाताने लिहितोय, म्हणून कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय. तुला हे ईस्टरला मिळेल. तोवर मी असेन की नसेन ठाऊक नाही, म्हणून सगळं लिहून टाकतो.

मी तुझं ऐकलं. मार्चच्या सुरुवातीलाच गोळ्या कमी केल्या, मग आणखी कमी केल्या. परवा शिरेतून औषध सोडून दुसरा फोटो काढला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे अडकली होती. खिडकीतल्या मुलीने फोटोचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, शुक्रवारी या, डॉक्टर समजावून सांगतील. आता मला सांग, ज्याने तीस वर्षं बंद अंड्याच्या आतलं बघितलंय त्याने शुक्रवारपर्यंत थांबायचं?

घरी आलो. लुमिंग बाजारात होती. उबवणीच्या खोलीत गेलो, दार लावलं, दिवा पेटवला आणि फोटो दिव्यासमोर धरला. सियोन, मला समजलं. पहिल्या फोटोत डाग नुसता पांढरा, गुळगुळीत, आत काही नाही. असं अंडं मेलेलं असतं, आपण त्याला उकडून पेनॉय म्हणून विकतो. आणि या फोटोत? कडेला चकचकीत रेघ आलीय, आत बारीक फांद्या फुटल्यात. असं अंडं मी रोज शेकड्याने बघतो. त्याने जीव धरलाय. ते वाढतंय. ते फुटणार.

म्हणजे हिशेब सरळ आहे. मेंदू गेला, तर निदान किडनी वाचवू. कपाटात जुन्या गोळ्या आहेत, त्या आजपासून पहिल्यासारख्या पुऱ्या घेतोय. लुमिंगला सांगितलेलं नाही. तू तिथल्या कुणा डॉक्टरला विचारून बघ, वापरलेली किडनी परत मूळ मालकाला बसवता येते का? मी तिला चांगली ठेवलीय. मीठ जवळजवळ नाहीच.

कराओके मशीन तेम्योंगला दिलं. मरणाऱ्या माणसाने शेजाऱ्यांवर सूड उगवू नये, पण दिलं. शवपेटीचं दुकानही बघून आलो. दुकानदार म्हणाला, "आडवे होऊन बघा." झालो. खांदे घट्ट बसतात. तो म्हणाला, "एकदा आत गेल्यावर कुणी तक्रार केली नाही." मी म्हटलं, विचार करून कळवतो.

बदकं मात्र ज्याला द्यावीत असा माणूस दिसेना. तेम्योंगचा भाऊ शनिवारी जीप घेऊन तुमच्या बाजूला येतोय. त्याच्याबरोबर चाळीस चांगल्या माद्या पाठवतोय. घालतात भरपूर, फक्त पहाटे बोलतात.

तू मला खूप दिलंस. मी नीट सांभाळू शकलो नाही. रागावू नकोस.

आम्बो


संत क्लारेचा मठ
१६ एप्रिल २०१९, पवित्र आठवड्यातला मंगळवार

कुया, महामूर्खा,

हे पत्र उपवासकाळात लिहिते आहे, मदर बेनिग्नांच्या परवानगीने, त्यांच्याच टेबलावर बसून. मठाचा ड्रायव्हर ते घेऊन येतोय. त्याला पाणी दे.

शनिवारी दुपारी मौनाची वेळ होती. सगळ्या जणी मान खाली घालून बसलेल्या, आणि बाहेर जीप थांबली. फिरतं कपाट फिरलं आणि त्यातून बदक उतरलं. मग दुसरं. सिस्टर रोसालिया दारावर असते, ती बिचारी बोलू शकेना, कारण मौन, आणि थांबवू शकेना, कारण बदकं. झावळ्यांच्या रविवारी आम्ही झावळ्या घेऊन देवळाभोवती फिरलो ते चाळीस माद्यांसह. मदर मला म्हणाल्या, "ही तुझ्या भावाकडची?" मी म्हटलं, "हो." म्हणाल्या, "बदकवाला बदकं कधी देऊन टाकतो?" मला उत्तर ठाऊक होतं.

काल सकाळी मदर खणाची किल्ली घेऊन आल्या. म्हणाल्या, "नियमात पत्रांना बंदी आहे, आणि नियम मी मोडत नाही. पण संत क्लारेने माणूस मरू द्या असंही कुठे लिहिलेलं नाही." आणि खण उघडला.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग मदरनी मठातला एकमेव फोन उचलला आणि आधी वहिनीला सांगितलं, त्याच्या गोळ्या ताब्यात घ्या. मग त्या डॉ. माग्सिनोला फोन लावला. म्हणाल्या, "बाळ, मी ऐंशी वर्षांची आहे आणि मला विज्ञान येत नाही. सावकाश सांग." ती काय म्हणाली ते मदरनी मला शब्दाशब्दाने सांगितलं, आणि मी तुला सांगते.

तू अंडं बरोबर वाचलंस, पण ते अंडं नव्हतं. पहिल्या फोटोत डाग गुळगुळीत होता, कारण विषाणू कुरतडत होता आणि त्याला अडवायला कुणी आलेलंच नव्हतं. वाईट फोटो होता तो पहिला, कुया! आता कडेला जी रेघ उजळलीय, ती रोगाची नाही. तुझे पहारेकरी जागे होऊन तिथवर पोचलेत. डाग तेवढाच आहे, पलीकडे गेलेला नाही. डॉक्टर दोन महिने ह्याच रेघेची वाट बघत होती. शुक्रवारी तिने हे सगळं वहिनीला सांगितलं, वहिनी नाचत घरी आली, आणि तू तिला म्हणालास, "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस." बायकोवर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, विश्वास कशावर, तर उबवणीच्या दिव्यावर!

आणि त्याच वेळी तू त्या पहारेकऱ्यांना गुपचूप झोपेच्या गोळ्या चारत होतास.

आजच्या आज हॉस्पिटलात जा. डॉक्टर म्हणते, आठवड्याभरात फार बिघडलं नसेल, पण एक दिवसही वाया घालवू नका. किडनी परत बसवता येत नाही. विचारलंच होतंस म्हणून सांगितलं. हे मदरनी फोनवर विचारलं तेव्हा पलीकडे डॉक्टर इतकी हसली की मला टेबलापलीकडून ऐकू आलं.

सियोन


व्हिक्टोरिया, लगुना
२५ एप्रिल २०१९

प्रिय सियोन,

ईस्टरच्या शुभेच्छा. मी उठलो आहे, तेही हॉस्पिटलातून.

ड्रायव्हर पोचला तेव्हा लुमिंग माझ्यासमोर बसून गोळ्या मोजत होती आणि प्रत्येक गोळीला एक शिवी देत होती. तुझं पत्र तिने मोठ्याने वाचलं, "महामूर्खा" दोनदा. मग ड्रायव्हरला पाणी दिलं आणि मला त्याच्याच गाडीत घातलं.

डॉ. माग्सिनोने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे असं दिसलं तर..." ती म्हणाली, "आम्बोकाका, मी तुमच्या बदकांचे एमआरआय काढते का?" मग पहारेकऱ्यांनी जरा जास्तच जोर केला, डोकं सुजलं, चार दिवस असं दुखलं की मला शवपेटी सैल वाटू लागली. त्यावर इंजेक्शन दिलं. ती म्हणाली, हेही ठरलेलंच, आता वाट चांगली दिसते, पण शेवटचं आत्ताच बोलणार नाही. हल्ली ती बोलते त्यापेक्षा जास्त मी ऐकत नाही. कमीही ऐकत नाही.

तेम्योंग कराओके परत द्यायला तयार नाही. म्हणतो, दिलेली वस्तू. त्याच्या बायकोने परत घेऊन जा म्हणून माझ्याकडे हात जोडलेत.

लुमिंग अजून रागात आहे, पण काल रात्रीच्या भातात माशाचं डोकं तिने मला वाढलं. तेव्हा उतरतोय बहुधा.

तुझा,
महामूर्ख


व्हिक्टोरिया, लगुना
२९ जुलै २०१९

प्रिय सियोन,

तिसरा फोटो झाला. डाग आक्रसून बारीक वण राहिलाय. चकचकीत रेघ गेली, डॉक्टर म्हणते आता जायलाच हवी होती. विषाणू तपासणीत सापडला नाही. ती हसली, आणि यावेळी "वाट" वगैरे शब्द वापरला नाही. नुसतं म्हणाली, "आम्बोकाका, तुम्ही जगलात." शर्टाची बटणं मी स्वतः लावतो, खालची दोन सोडून. अंडी उजव्या हाताने बघायला शिकतोय. फुटतात, पण मीच फोडतो, ती निसटत नाहीत.

पाऊस चांगला आहे. तळं भरलंय. तेम्योंगच्या मुलीचं लग्न ठरलं.

सियोन, मधे पावसापाण्याची दोन पत्रं लिहिली, त्यांत मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. किडनी गेली. जूनमध्येच. आधी लघवी कमी झाली, मग पाय सुजले, आणि रक्त तपासून किडनीच्या डॉक्टरने डोळ्यांवरचा चष्मा काढला तेव्हाच मला कळलं. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार असं मशीनवर रक्त धुवून घेतो. चार तास पडून राहायचं. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा कोंबड्यांच्या झुंजीच्या गप्पा मारतो, त्यामुळे वेळ जातो.

मी तुला लिहायला बसायचो, आणि पहिल्या ओळीतच तुझी किडनी यायची, आणि मी पेन ठेवायचो. ज्याच्यापायी तू सहा वर्षं एका किडनीवर राहिलीस, ते मी संपवलं. गोळ्या कमी करताना तू म्हणाली होतीस, गेली तर गेली. पण म्हणणं वेगळं आणि जाणं वेगळं. लुमिंग म्हणते, सांगून टाक. तर सांगितलं. आता तुला जे म्हणायचं असेल ते म्हण.

आम्बो


संत क्लारेचा मठ
४ ऑगस्ट २०१९

प्रिय कुया,

रडले. खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघरात फ्लॅन पुडिंगसाठी अंडी फोडत होते, तिथेच रडले, आणि सिस्टर रोसालियाला वाटलं की अंडी खराब निघाली. ती बिचारी सगळी टोपली बाहेर टाकायला निघाली होती.

मग मी बसून विचार केला. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन किडन्या होत्या आणि भाऊ एक. आज किडनी एक आहे आणि भाऊ एक. माझं काय गेलं, ते मला सापडत नाही. ती तुला सहा वर्षं जगवून गेली, आणि जाताना तुझा मेंदूही वाचवून गेली. इतकं काम माझ्या पोटात राहून तिने कधी केलं नसतं. काल मिसाला मी तिच्यासाठी प्रार्थना सांगितली. मदरनी भुवई उंचावली, पण नाव वाचलं.

तू संपवलं म्हणतोस. मी सांगितलं होतं म्हणून गेली ती, आणि आज विचारलंस तर पुन्हा तेच सांगीन. म्हणणं आणि जाणं वेगळं, हे खरं आहे. जाण्याचं दुःख आहे. पण पस्तावा शोधून काढायचा म्हटलं तरी मला मिळत नाही, आणि तूही शोधत बसू नकोस. मला वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, की तू दीड महिना हे एकट्याने उराशी धरून बसलास आणि मला पावसाचं लिहीत राहिलास.

मशीनची चिडचिड होईल, दमायला होईल, मीठ तर आणखी कमी होईल. ते लिहीत जा. तक्रारी लिही, शिव्या लिही, त्या झुंजीवाल्या म्हाताऱ्याच्या गप्पा लिही. आता माझ्यापासून लपवायला तुझ्याकडे काही उरलेलं नाही, तेव्हा सुखाने लिही.

पुढच्या रविवारी ११ तारीख, संत क्लारेचा सण. त्या दिवशी घरच्यांना भेटू देतात. रविवार आहे, म्हणजे मशीन नाही. वहिनीला घेऊन सकाळच्या मिसाला ये. येताना काही आणू नकोस. नुसता ये, भेटीच्या खोलीतल्या जाळीसमोर उभा राहा आणि मला बघू दे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी देवाकडे जे मागितलं होतं, ते तेवढंच होतं.

तुझी,
सियोन